भरती, बैल आणि मुक्काम

एके काळी इथल्या प्रवासाचा बेत तिथीवरून ठरत असे. ठाण्याच्या उत्तरेला उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत आहे आणि समोरच्या तीरावर काल्हेर. या काठावरून कल्याणकडे होडी न्यायची असो की मालाने भरलेला पडाव, आधी पंचांगात तिथी पाहावी लागे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते कळते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना तोंडी हिशोब आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. खाडीत जितके आत जावे तितकी ही वेळ पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जोराने आणि उंच चढते, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो तेव्हा ते मंद असते. भरतीबरोबर वर जायचे आणि ओहोटीबरोबर खाली यायचे. भरती हुकली तर पुढचे पाणी येईपर्यंत काठावर बसायचे.

म्हणजे कुठे थांबायचे आणि किती वेळ, हे प्रवाशाच्या हौसेवर नव्हते. ते पाणी ठरवत होते, आणि जमिनीवर उतरल्यावर बैल ठरवत होता. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, पनवेल, खोपोली ही आज एकमेकांना चिकटत चाललेली गावे या दोघांच्या हिशोबातून वाढली आहेत. त्यांच्यातली अंतरे नकाशावर नीट पाहिली तर जुन्या प्रवासाचा सगळा बेत अजून वाचता येतो.

या बेतातले सर्वांत जुने ठिकाण कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराची नोंद आहे. तिच्या अज्ञात लेखकाने व्यापाऱ्यांना एक सावधगिरीची सूचनाही दिली आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळात हे बंदर व्यापाराला रीतसर खुले होते. पुढे ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. दोन सत्तांच्या भांडणात व्यापाऱ्याला ठरलेला थांबा बदलावा लागतो, हा अनुभव इतका जुना आहे. सहाव्या शतकातला कॉस्मास हा लेखकही कल्याणचे नाव मोठ्या बाजारपेठांमध्ये घेतो.

बंदर मोठे झाले ते मागच्या घाटामुळे. कल्याणला उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढणे भाग होते आणि त्यासाठीची सर्वांत महत्त्वाची वाट होती नाणेघाट. कल्याणहून मुरबाड सुमारे ३० किलोमीटर. मुरबाडहून घाटाच्या पायथ्याचे वैशाखरे तेवढ्याच अंतरावर. घाट चढून वर गेले की जुन्नर पुन्हा साधारण तेवढेच. मोकळ्या हाताने चालणाऱ्या काटक माणसाला ही तीन दिवसांची वाट. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाची रोजची मजल मात्र पाच-सहा कोसांपुढे सहसा जात नाही. त्याला चरायला वेळ द्यावा लागतो आणि दुपारच्या उन्हात थांबवावे लागते. त्यामुळे बैलांच्या तांड्याला हेच अंतर कापायला पाच-सहा दिवस लागत, आणि चढणीचा दिवस वेगळा धरावा लागे. नाणेघाटातून गाडी कधीच गेली नाही. पायथ्याशी माल गाडीवर असला तर तो उतरवून बैलांच्या पाठीवर घालायचा आणि मग दगडी पायऱ्यांची चढण सुरू करायची. वैशाखऱ्यासारख्या पायथ्याच्या गावाचे महत्त्व या कामात होते.

माथ्यावर पोचल्यावर जे दिसते ते भारतातल्या प्रवासाच्या इतिहासातले एक मोठे ठिकाण आहे. खिंडीच्या तोंडाशीच कातळात खोदलेली गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची त्यात आकड्यांसह मोजदाद आहे. भारतात अंक कोरून लिहिल्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची वरची नावे आणि पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला, पण जुन्नरच्या वाटसरूंना ती गुहा त्याआधीही माहीत असणारच. बाहेर पाण्याची टाकी खोदलेली आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात.

राजघराण्याने आपला एवढा मोठा लेख राजवाड्यात न कोरता इथे का कोरला असेल? कारण इथे प्रत्येकाला थांबावेच लागे. घाट चढून घामाघूम झालेला माणूस टाक्यातले पाणी पितो, जकात भरतो, सावलीला बसतो आणि मान वर करून भिंतीकडे पाहतो. देशावरून कोकणात उतरणारा खाली पसरलेला मुलूख पाहत क्षणभर थबकतो. वाटेवर राजाचे नाव माणसाच्या कानी घालायला याहून चांगली जागा नव्हती. ज्याने ही जागा निवडली त्याला प्रवाशाचे शरीर कळत होते.

सामान्य माणसांनीही या वाटांवर खर्च केला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने नोंदलेली आहेत. कल्याणच्या एका लोहाराने तिथे पायवाट करून दिली. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराच्या घरातून आलेले दान आहे आणि ते आहे पाण्याच्या टाक्याचे. जुन्नरला यवन दात्यांचीही नावे सापडतात. एकाने वाट दिली, दुसऱ्याने पाणी दिले. चालत गेलेल्या माणसाला कशाची उणीव भासते हे या दोघांनी स्वतःच्या पायांनी अनुभवले असावे.

पुढच्या दीड हजार वर्षांत राज्ये बदलली, वाटा फारशा बदलल्या नाहीत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची सुरुवात याच खाडीत केली, ती इथे समुद्र आणि घाट एकमेकांच्या जवळ येतात म्हणून. कोकणातून मीठ आणि भात वर जात राहिले, देशावरचे धान्य आणि कापूस खाली येत राहिले. मिठागरांत राबणारे आगरी, होड्या चालवणारे कोळी आणि बैलांचे तांडे हाकणारे लमाण या तिघांच्या कामातून हा व्यवहार चालत असे. दसरा झाला, पाऊस ओसरला, वाटा वाळल्या की तांडे निघत. पावसाळ्यात घाट बंद आणि समुद्रही बंद. समुद्र नारळी पौर्णिमेनंतर उघडे.

मुक्कामाच्या जागेला काय लागे? पाणी, बैलांना वैरण, सावली, पीठ-मीठ देणारा वाणी, आणि रात्री सोबतीला माणसे. यातली एक जरी गोष्ट नसली तर तांडा पुढच्या गावाला जाई आणि मग ते पुढचे गाव वाढे. म्हणून ज्याला पुण्य जोडायचे होते त्याने वाटेवर तळे बांधले, विहीर खोदली, धर्मशाळा उभारली. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला दगडी तलाव आणि महादेवाचे देऊळ याचे ठसठशीत उदाहरण. बोरघाटाची चढण तिथून सुरू होते. चढण्याआधीचा शेवटचा मुक्काम आणि उतरल्यानंतरचा पहिला मुक्काम एकच. तलाव बांधायला याहून योग्य जागा त्या वाटेवर नव्हती.

मुंबईहून पुण्याला जाण्याचा बेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही असाच भरतीपासून सुरू होई. मुंबईहून होडीने पनवेल, तिथून पालखी, घोडा किंवा पायी खोपोली, घाट चढून खंडाळा, मग कार्ले आणि पुणे. १८०९ च्या सुमाराला मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका याच वाटेने गेली आणि तिने आपल्या रोजनिशीत ही वाट लिहून ठेवली. पालखीने जायचे तर भोयांची डाक आधी बसवावी लागे. कोणत्या गावी कोणती टोळी पालखी खांद्यावर घेईल ते निघण्यापूर्वीच ठरवून, निरोप पाठवून, पैसे ठरवून ठेवायचे. एका टोळीला उशीर झाला की पुढची सगळी साखळी कोलमडे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि प्रथमच चाके घाट चढू लागली. ओझ्याच्या बैलाच्या जागी गाडीचा बैल आला. मजल मात्र बैलाचीच राहिली.

मग आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर दूर असलेल्या ठाण्याला साधारण तासाभरात पोचली, आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. भरतीची वाट पाहायचे कारण उरले नाही. पण घाटाने रेल्वेलाही थांबायला लावले, आणि या इतिहासातला हा भाग विशेष रंजक आहे. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट अजून फुटायचा होता. त्यामुळे पाच वर्षे मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी आगगाडीने खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. नव्या युगाच्या दोन तुकड्यांमध्ये जुन्या युगाची एक चढण होती. या काळात नानांच्या तलावाने दोन्ही प्रकारच्या प्रवाशांना पाणी दिले असेल. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला. त्यासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला, बहुतेक रोगराईने. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार काम हाती घेताच दगावला तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे नेले. थळघाटातही असेच झाले. गाडी १८६१ मध्ये कसाऱ्याला आली आणि इगतपुरीला पोचायला १८६५ साल उजाडले. तोवर नाशिकच्या वाटेवर कसारा हा सक्तीचा थांबा होता.

चालत्या प्रवासाचा हा काळ मावळत असतानाच मराठीतले सर्वांत थोर प्रवासवर्णन घडले, आणि ते वाचकांपर्यंत आले कल्याणच्या एका माणसामुळे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा बेत होता. पुण्याहून पुढे मजल-दरमजल करत सातपुडा ओलांडून ते महूच्या बाजूला पोचले आणि वाटेत भेटलेल्या शिपायांकडून बंडाची बातमी कळली. पुढे धार, ग्वाल्हेर, झाशीचा वेढा, काल्पी, अयोध्या, काशी. लुटले गेले, उपाशी राहिले आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. दक्षिणा फारशी राहिली नव्हती, गंगाजल मात्र त्यांनी घरापर्यंत आणले. ही हकिकत त्यांच्याकडून लिहून घेतली ती चिंतामण विनायक वैद्य यांनी. वैद्यांचा जन्म कल्याणचा, १८६१ चा. गोडसे यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये त्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती मात्र दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. या पुस्तकात लढाया आहेत तशाच धर्मशाळा आहेत, नदीकाठचे स्वयंपाक आहेत, अनोळखी गावात ओळखीचे आडनाव शोधून मिळवलेला आसरा आहे. बेत कोलमडल्यावर माणसाला तारतात ते मुक्काम, हे त्याच्या पानापानांत दिसते.

आज कोलशेतच्या उंच इमारतींतून लोक जर्मनीच्या सहलीचे बेत आखतात. गाडी भाड्याने घ्यायची, दोन मोठ्या शहरांमधले अंतर एका दिवसात न कापता चार-पाच छोट्या गावांत थांबत जायचे, असा तो निवांत बेत असतो. यातल्या काही इमारती ज्या पट्ट्यात उभ्या आहेत तिथे कित्येक दशके रसायनांचे कारखाने होते. त्यांतला एक बायरचा. १८६३ मध्ये बार्मेन या जर्मन गावात रंग बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी पुढे ऱ्हाइन नदीकाठी लेव्हरकुसेनला गेली आणि तिची एक शाखा कोलशेत रोडला आली. कामगारांच्या दोन पिढ्यांना जर्मन नावे तोंडपाठ होती, जर्मनी त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिली.

जर्मनीतल्या अशा सहलींसाठी सर्वांत गाजलेली वाट म्हणजे ‘रोमांटिशे श्ट्रासे’. व्युर्झबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत, ४०० किलोमीटरहून अधिक. ती प्राचीन वाटते, पण हा मार्ग या नावाने आखला गेला १९५० मध्ये. महायुद्धात देश उद्ध्वस्त झाला होता, पाहुण्यांना परत आणायचे होते. मग तटबंदीची जुनी गावे एका माळेत ओवली गेली: रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्युल, न्योर्डलिंगेन, आउग्सबुर्ग. आउग्सबुर्गच्या दक्षिणेला ही वाट काही ठिकाणी रोमनांच्या ‘व्हिया क्लाउडिया आउगुस्टा’ या रस्त्याजवळून जाते. डिंकेल्सब्युल ते न्योर्डलिंगेन अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे, म्हणजे कल्याण ते मुरबाड. हे जुळणे केवळ योगायोगाचे नाही. माणसाचे पाय आणि ओढणाऱ्या जनावराचा दम जर्मनीत आणि उल्हासकाठी सारखाच असतो, आणि संध्याकाळी वेशीचा दरवाजा बंद होण्याआधी आत पोचायची घाई दोन्हीकडे होती.

मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासालाही असेच थांबे लागले. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ हिने पती कार्ल याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार काढली आणि ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून पोर्झहाइमला, आपल्या माहेरी गेली. अंतर शंभरएक किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची गोष्ट जगात नव्हती. विसलोख गावी तिने औषधाच्या दुकानातून कपडे साफ करायचे लिग्रोइन घेऊन टाकी भरली. तुंबलेली नळी टोपीच्या टाचणीने मोकळी केली, वाटेत चांभाराकडून ब्रेकला चामडे लावून घेतले. चढणीवर मुलांनी गाडी ढकलली. तिच्या वाटेला आज स्मारकाचा दर्जा आहे आणि विसलोखचे ते औषधाचे दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवले जाते. अडचण येऊन एका बाईची गाडी जिथे थांबली ती जागा तिथल्या लोकांनी जपली.

आपल्याकडे ती जपणूक एका ठिकाणी पूर्णत्वाने आहे: वारीत. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी हे मुक्काम ठरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त लावली ती अजून चालते. मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा, दुपारचे जेवण कुठे आणि समाजआरती कुठे, सगळे ठरलेले. लाखो माणसे पाण्याच्या आणि सावलीच्या हिशोबाने चालतात आणि वाटेवरचे प्रत्येक गाव आपला दिवस वर्षभर लक्षात ठेवते.

नाणेघाटाची वाट मात्र अशी कुणी ओवलेली नाही. कान्हेरी, ठाणे, कल्याण, मुरबाड, वैशाखरे, नाणेघाट, जुन्नरची लेणी, शिवनेरी ही दोन हजार वर्षांची एक सलग वाट आहे. तिच्या दोन्ही टोकांना लेणी आहेत, मध्ये राणीचा लेख आहे. ही माळ कुणा सरकारी खात्याने किंवा उत्साही मंडळाने एका नावाखाली बांधली तर जगातल्या कुठल्याही वारसामार्गाच्या शेजारी ती ताठ मानेने उभी राहील. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गाने मुंबई-पुणे अंतर काही तासांवर आणले, त्यात खोपोलीचा तलाव खाली राहून गेला. मुरबाडच्या वाटेवर अजून तसे झालेले नाही.

पाण्याची वाट पुन्हा उघडण्याची भाषा आता सरकारही करते. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. त्याच्या आराखड्यात कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली इथे धक्के धरलेले आहेत. ते सुरू झाले तर कोलशेतहून कल्याणला खाडीने जाणे पुन्हा शक्य होईल.

तोवर जमिनीवरचा बेत आजही करता येतो, आणि तो दोन मुक्कामांचा करावा. पावसाळा सरल्यावर, गवत अजून पिवळे पडायचे असते तेव्हा, सकाळी निघून कल्याणला दुर्गाडी किल्ला पाहावा आणि दुपारी मुरबाडला जेवावे. रात्र टोकावडे-वैशाखरे परिसरात काढावी. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट पायी चढावा, सोबत पाणी भरपूर घ्यावे. गाडी या घाटातून जात नाही, म्हणून कुणा एकाने ती माळशेज घाटातून वर न्यावी आणि गणेश खिंडीवरून जुन्नर गाठून, तिथून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर यावे. चढून येणाऱ्यांना दोन-तीन तास लागतात, गाडीवाल्यालाही वळसा घ्यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.  गुहेतला लेख भिंतीला हात न लावता पाहावा. दुपारनंतर जुन्नरला उतरून दुसरा मुक्काम तिथे करावा. कल्याणच्या सोनाराच्या दानाचा लेख जुन्नरच्या डोंगरातल्या लेण्यांत आहे. त्यासाठी तिसरी सकाळ राखून ठेवावी लागते.